रुग्णसेवा आणि ग्रंथसंग्रह

महोत्सवाच्या स्मरणिकेंत सामान्यतः मंदिराच्या पायाभरणीचा, धर्मगुरूंच्या कारकीर्दींचा आणि शाळा-दवाखान्यांच्या उभारणीचा वृत्तांत असतो. आणि तो असावाच. परंतु ज्या दवाखान्यांचा आपण अभिमान बाळगतों, त्यांत राबणाऱ्या परिचारिका, सुइणी व औषधें देणारे सेवक, तसेंच गांवोगांव फिरून अशक्त बालकांची व वृद्धांची विचारपूस करणाऱ्या कार्यकर्त्या, ह्यांना आपल्या कामाची विद्या कोठून मिळत आली, हा प्रश्न अशा पुस्तिकांत क्वचितच विचारला जातो. दवाखान्याची इमारत डोळ्यांना दिसते, औषधाची बाटलीहि दिसते. परंतु त्या बाटलींतील औषध किती द्यावें, केव्हां द्यावें आणि केव्हां मुळींच देऊं नये, हें ज्या पुस्तकांत लिहिलेलें असतें, तें पुस्तक कोणाच्या कपाटांत आहे, कोणत्या भाषेंत आहे आणि कोणत्या सालचें आहे, ह्यावर रोग्याचें जगणें-मरणें पुष्कळदां अवलंबून असतें. ह्या पुस्तकांचा इतिहास येथें थोडक्यांत सांगावयाचा आहे. आणि तोहि विशेषेंकरून जळगांव व धुळें ह्या आपल्या दोन जिल्ह्यांच्या दृष्टीनें.

चांगल्या शोमरोन्याचा दाखला आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों. जखमी वाटसरूजवळ तो थांबला, ही त्याची करुणा. जखमांवर तेल व द्राक्षारस ओतून त्यानें त्या बांधल्या, ही त्याची विद्या. व्रणोपचाराविषयीं त्या काळच्या लोकांस जें ठाऊक होतें तेंच त्यानें केलें. करुणा असून विद्या नसती, तर तो त्या मनुष्याशेजारीं बसून नुसता अश्रू ढाळीत राहिला असता. जुन्या करारांतील बेनसीराच्या पुस्तकाचा अडतिसावा अध्याय वैद्याचा मान राखावयास सांगतो आणि वैद्याची विद्या परमेश्वरापासून येते असें म्हणतो, तो ह्याच विचारानें. शुश्रूषा हें नुसतें हृदयाचें काम नव्हे, तें शिकण्याचेंहि काम आहे, ही गोष्ट ख्रिस्तसभेनें फार प्राचीन काळापासून ओळखिली होती.

ह्याचें उत्तम उदाहरण सहाव्या शतकांत इटलीच्या दक्षिण भागांत सांपडतें. इटलीवर राज्य करणाऱ्या गॉथ राजांच्या दरबारांतील मोठ्या अधिकाराचें पद सोडून कॅसिओडोरस नामक विद्वान् गृहस्थानें आपल्या जन्मभूमींत ‘विवारियम’ नांवाचा मठ स्थापिला आणि त्यांत मोठा ग्रंथसंग्रह केला. मठवासीयांच्या अभ्यासासाठीं त्यानें जो मार्गदर्शक ग्रंथ लिहिला, त्यांत रोग्यांची सेवा करणाऱ्या बंधूंकरितां एक स्वतंत्र प्रकरण आहे. देवावर भिस्त ठेवा, पण वनस्पतींचे गुण व औषधें करण्याची रीतहि शिका, असा त्याचा उपदेश आहे. ज्यांना ग्रीक भाषा येत नसेल त्यांनीं डायोस्कोरिडीस ह्याचा सचित्र वनस्पतिग्रंथ पाहावा, आणि हिप्पोक्राटीस व गालेन ह्यांचे ग्रंथ लॅटिन भाषांतरांत वाचावे, असें तो सांगतो; आणि हे ग्रंथ आपण मठाच्या संग्रहांत ठेविले आहेत, हेंहि कळवितो. ह्या लहानशा उपदेशांत तीन गोष्टी एकत्र आल्या आहेत: कोणता ग्रंथ वाचावा, कोणत्या भाषेंत वाचावा, आणि तो कोठें मिळेल. रुग्णसेवकांसाठीं चालविल्या जाणाऱ्या कोणत्याहि ग्रंथालयाचें कर्तव्य आजहि ह्याहून निराळें नाहीं.

ही तिहेरी कसोटी आपल्या देशास लावून पाहिली असतां काय दिसतें? छापखाना हिंदुस्थानांत प्रथम आला तो १५५६ सालीं गोव्यास, आणि तो येशूसंघाच्या धर्मगुरूंकडे. त्यानंतर सातच वर्षांनीं, १५६३ मध्यें, गोव्यांत राहणारे पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता ह्यांचा ह्या देशांतील औषधी द्रव्यांविषयींचा संवादरूप ग्रंथ तेथेंच छापून निघाला. ग्रंथ येथील वनस्पतींविषयीं, छपाई येथील. परंतु भाषा पोर्तुगीज. क्लुसियस नामक पंडितानें १५६७ मध्यें त्याचा लॅटिन संक्षेप प्रसिद्ध केला आणि युरोपांतील वैद्यांना त्याचा लाभ झाला. मराठी बोलणाऱ्या सुइणीला किंवा झाडपाल्याचें औषध देणाऱ्या वैदूला मात्र तो ग्रंथ असून नसल्यासारखाच होता. पुढें १६१६ मध्यें फादर थॉमस स्टीफन्स ह्यांचें क्रिस्तपुराण छापलें गेलें, आणि तारणाची कथा लोकांच्या भाषेंत सांगितल्यावांचून ती लोकांच्या अंतःकरणांत उतरणार नाहीं हें तत्त्व सिद्ध झालें. परंतु जो न्याय धर्मकथेला मिळाला तो वैद्यकाला मिळण्यास आणखी सुमारें अडीचशें वर्षें लागलीं.

मुंबईस ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ सालीं सुरू झालें. तेथील शिक्षण इंग्रजींतून असे. परंतु इंग्रजी शिकलेले मूठभर डॉक्टर जिल्ह्याजिल्ह्यांच्या दवाखान्यांस पुरणारे नव्हते. म्हणून १८६१ मध्यें मराठी व गुजराती भाषांतून शिकविणारे वर्ग त्याच संस्थेंत उघडण्यांत आले. वर्ग उघडले तरी वर्गाला पुस्तकें लागतात; आणि तीं मराठींत नव्हतीं. ती उणीव भरून काढण्यासाठीं डॉ. सखाराम अर्जुन ह्यांच्यासारख्या विद्वान् डॉक्टरांनीं मराठींत वैद्यकविषयक ग्रंथ लिहिले. ह्या मंडळींनीं मराठी भाषेला जी शास्त्रीय परिभाषा दिली तिच्यामुळेंच तालुक्याच्या दवाखान्यांतील मदतनिसास आपल्या मातृभाषेंत शरीराची रचना व औषधांचे गुणधर्म वाचतां आले.

आतां खानदेशाकडे वळूं. १८८० सालीं प्रसिद्ध झालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा बारावा खंड खानदेशाविषयीं आहे. त्या मालेच्या नेहमींच्या रचनेप्रमाणें त्यांत शिक्षणाचें प्रकरण निराळें आणि आरोग्याचें निराळें आहे. वाचनालयांची माहिती पहिल्यांत, दवाखान्यांची दुसऱ्यांत. प्रकरणें एकमेकांशेजारीं असलीं तरी वाचनालय आणि दवाखाना ह्यांचा परस्परांशीं कांहीं व्यवहार असूं शकतो ही कल्पना त्या काळीं कोणाच्या मनांत आलेली नसावी. आणि खरें सांगावयाचें तर ती आजहि फारशी रुजलेली नाहीं.

ग्रंथांविषयीं खानदेश उदासीन होता असें मात्र कोणीं समजूं नये. जळगांवचें सार्वजनिक वाचनालय, जें पुढें वल्लभदास वालजी ह्यांच्या नांवानें प्रसिद्ध झालें, तें १८७७ सालचें. धुळ्यास श्री. शंकर श्रीकृष्ण देव ह्यांनीं १८९३ मध्यें सत्कार्योत्तेजक सभा स्थापून समर्थ रामदासांच्या व त्यांच्या संप्रदायाच्या वाङ्मयाचा शोध घेण्यांत जन्म वेंचिला. १९०६ मध्यें खानदेशाचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे झाले. एकाचें ठाणें जळगांव, दुसऱ्याचें धुळें. १९२६ सालच्या अखेरच्या दिवशीं इतिहासाचार्य राजवाडे धुळ्यास निवर्तले, तेव्हां त्यांनीं जमविलेल्या कागदपत्रांचें रक्षण करण्यासाठीं १९२७ मध्यें तेथें राजवाडे संशोधन मंडळ उभें राहिलें. जुनीं बाडें व दप्तरें वाळवीच्या तोंडून सोडवून आणणारा हा प्रांत आहे. संतवाङ्मय जपलें, इतिहास जपला; परंतु तापी-गिरणेच्या खोऱ्यांत व सातपुड्याच्या कुशींत रात्रीबेरात्रीं रोग्यांची सेवा करणाऱ्यांसाठीं तशाच निष्ठेनें ग्रंथ जमविणारें मंडळ उभें राहिलें नाहीं, ही उणीव मान्य केली पाहिजे.

ह्या उणिवेची किंमत काय असते, हें नारूच्या रोगावरून समजतें. पायऱ्यांच्या विहिरीचें पाणी पिणाऱ्या महाराष्ट्रास हा रोग चांगला ठाऊक होता. हातभर लांबीचा कृमि पायांतून बाहेर पडे आणि ऐन शेतीच्या हंगामांत माणसास आठवड्यांचे आठवडे खाटेवर टाकी. पाण्यांतील एका सूक्ष्म जीवाच्या पोटांत नारूचीं पिल्लें वाढतात आणि पाण्याबरोबर तीं माणसाच्या पोटांत जातात, हा शोध फेडचेंको नामक रशियन शास्त्रज्ञानें १८७० च्या सुमारास लाविला. म्हणजे रोग टाळण्यास महागडें औषध नको होतें. पाणी कापडांतून गाळून प्यावें आणि नारू झालेल्या माणसानें विहिरींत उतरूं नये, एवढें लोकांना कळणें पुरेसें होतें. परंतु हिंदुस्थानांत नारूच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम १९८३ च्या पुढें सुरू झाली, शेवटचा रोगी १९९६ मध्यें आढळला, आणि २००० सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें आपला देश नारूमुक्त ठरविला. पुस्तकांतील ज्ञान आणि विहिरीची पायरी ह्यांच्यामधील अंतर चालून जाण्यास शंभराहून अधिक वर्षें लागलीं. विहिरींची सुधारणा, औषधफवारणी व गांवोगांवचें निरीक्षण हींहि कामें त्यासाठीं करावीं लागलीं, हें खरें. परंतु ह्या सर्वांच्या मुळाशीं असलेलें ज्ञान तर आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळींच छापलेलें होतें.

आतां ख्रिस्तसभेच्या सेविकांकडे पाहूं. स्कॉटलंडच्या डॉ. ॲग्नेस मॅक्लॅरेन ह्यांनीं उतारवयांत रावळपिंडी येथें स्त्रियांसाठीं रुग्णालय सुरू होण्यास हातभार लाविला. पडद्यांतील स्त्रिया पुरुष डॉक्टरांकडे जात नसत, आणि धर्मभगिनींना वैद्यकी व प्रसूतीचें काम करण्यास तत्कालीन धर्मनियमांची आडकाठी होती. ती दूर व्हावी म्हणून ह्या बाईंनीं रोमकडे पुनःपुन्हां विनंत्या केल्या. १९१३ मध्यें त्या निवर्तल्या. १९१५ सालीं ऑस्ट्रेलियांतील मेरी ग्लाउरी नांवाच्या तरुण डॉक्टर बाईंच्या हातीं मॅक्लॅरेन ह्यांच्या कार्याविषयींचें एक लहानसें पत्रक पडलें. तें वाचून त्यांनीं आपलें आयुष्य हिंदुस्थानच्या सेवेस वाहण्याचा निश्चय केला. १९२० मध्यें त्या गुंटूरला आल्या, धर्मभगिनी झाल्या, हजारों रोग्यांवर उपचार करीत राहिल्या आणि स्थानिक मुलींना औषधें बनविण्याचें व शुश्रूषेचें शिक्षण देऊं लागल्या. रोमची अनुमति सर्व धर्मभगिनींस मिळाली ती १९३६ मध्यें. आणि १९४३ मध्यें ह्याच सिस्टर डॉक्टर मेरी ग्लाउरींच्या पुढाकारानें सोळा धर्मभगिनींनीं गुंटूर येथें कॅथलिक रुग्णालयांची जी संघटना स्थापिली, ती आज ‘कॅथलिक हेल्थ असोसिएशन ऑफ इंडिया’ ह्या नांवानें ओळखली जाते आणि तीन हजारांहून अधिक संस्था तिच्या सभासद आहेत. चार पानांच्या पत्रकाचें काय मोल असतें, असें जो म्हणेल त्यास हें उदाहरण दाखवावें.

ह्याच संघटनेंत काम केलेले येशूसंघीय धर्मगुरू फादर जेम्स टाँग ह्यांनीं १९७० च्या सुमारास सर्व धर्मांच्या सेवाभावी दवाखान्यांसाठीं ‘व्हॉलंटरी हेल्थ असोसिएशन ऑफ इंडिया’ ही संस्था उभारण्यांत पुढाकार घेतला. डेव्हिड वर्नर ह्यांनीं मेक्सिकोच्या डोंगरांतील खेडुतांसाठीं १९७३ मध्यें स्पॅनिश भाषेंत लिहिलेलें आणि पुढें ‘वेअर देअर इज नो डॉक्टर’ ह्या नांवानें जगभर गेलेलें पुस्तक हिंदी परिस्थितीस अनुरूप करून ह्याच संस्थेनें प्रसिद्ध केलें. ज्या गांवीं डॉक्टर नाहीं त्या गांवच्या सेवकाच्या हातीं काय असावें, ह्याचें तें पुस्तक म्हणजे सोप्या भाषेंतलें व चित्रांतलें उत्तर होय.

परंतु विद्येचा प्रवाह केवळ शहराकडून खेड्याकडे वाहतो, असें मानणें चुकीचें ठरेल. डॉ. हिंमतराव बावस्कर हे १९७६ मध्यें महाडजवळील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत रुजू झाले. तेथें लाल विंचवाच्या दंशानें धडधाकट माणसें, विशेषतः लहान मुलें, डोळ्यांदेखत मरत. उपलब्ध ग्रंथांत त्यावर खात्रीचा उपाय नव्हता. त्यांनीं रोग्यांच्या खाटेशेजारीं बसून लक्षणें टिपलीं, आणि ‘लॅन्सेट’ ह्या विलायतेंतील विख्यात वैद्यकीय नियतकालिकास लिहून कळविलीं. रक्तदाबावर वापरण्यांत येणारें प्राझोसिन हें औषध विंचूदंशावर गुणकारी ठरतें, हें त्यांनीं पुढें दाखवून दिलें. त्याविषयींचा त्यांचा लेख १९८६ मध्यें त्याच नियतकालिकांत आला. पूर्वी गंभीर रोग्यांपैकीं शंभरीं सुमारें तीस दगावत, तें प्रमाण ह्या उपचारानें अगदीं अल्प झालें. २०२२ मध्यें त्यांना पद्मश्री मिळाली. रोग्याची खाट आणि शास्त्रीय नियतकालिक ह्या दोन्हींशीं ज्याचा संबंध होता अशा एका खेड्यांतील डॉक्टरानें हें केलें. त्यांतला एक संबंध तुटला असता तर तीं बालकें वांचलीं नसतीं.

आजची स्थिति काय आहे? धुळ्यास श्री भाऊसाहेब हिरे ह्यांच्या नांवाचें सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. जळगांवचें सरकारी महाविद्यालय २०१८ मध्यें सुरू झालें. १९९८ मध्यें नाशिक येथें महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झालें. १ जानेवारी २०२५ पासून केंद्र सरकारची ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ ही योजना चालू झाली असून, तिच्यायोगें तीस प्रकाशकांचीं सुमारें तेरा हजार नियतकालिकें सरकारी उच्च शिक्षणसंस्थांस खुलीं झालीं आहेत. ही गोष्ट खरोखर अभिनंदनीय आहे. परंतु प्राथमिक आरोग्य केंद्रांतील परिचारिका आणि धर्मादाय दवाखान्यांतील धर्मभगिनी ह्यांचा योजनेच्या ह्या पहिल्या टप्प्यांत समावेश नाहीं. १९७५ पासून अंगणवाडीसेविका आणि २००५ पासून ‘आशा’ कार्यकर्त्या खेड्यापाड्यांत आरोग्याचा भार वाहत आहेत. त्यांच्यासाठीं तेरा हजार इंग्रजी नियतकालिकांचा दरवाजा उघडला तरी त्यांनीं आंत जाऊन काय वाचावें? त्या मराठी वाचतात. त्यांचे रोगी अहिराणी, पावरी किंवा भिलोरी बोलतात. कॅसिओडोरसनें ग्रीक न जाणणाऱ्या बंधूंची जी अडचण ओळखिली होती, तीच ही अडचण.

सातपुड्यांतील आदिवासी बांधवांत आढळणारा सिकलसेल हा रक्ताचा आजार घ्या. आईबापांकडून मुलांस येणाऱ्या ह्या आजाराच्या निर्मूलनासाठीं १ जुलै २०२३ रोजीं राष्ट्रीय मोहीम जाहीर झाली आणि २०४७ ही तिची मुदत ठरली. रक्ततपासणीनंतर ‘तूं नुसती वाहक आहेस, रोगी नाहींस’ ह्या वाक्याचा अर्थ लग्नाच्या वयाच्या मुलीला समजावून सांगणें हें काम यंत्राचें नव्हे. तें त्या पाड्यावर जाणाऱ्या सेविकेचें आहे. तिनें तो अर्थ स्वतः नीट वाचलेला नसेल, तर एका शब्दाच्या घोटाळ्यानें निरोगी मुलीच्या कपाळीं रोग्याचा शिक्का बसूं शकतो.

येथें आणखी एक सावधगिरीची सूचना करणें अवश्य आहे. प्रार्थनेचें पुस्तक जुनें झालें म्हणून त्याचें मोल कमी होत नाहीं. वैद्यकाचें पुस्तक मात्र शिळें होतें, आणि शिळें झालें कीं अपाय करतें. सर्पदंश झाला असतां जखमेवर चीर द्यावी व वर घट्ट बांधावें, असें जुन्या पुस्तकांत सांपडेल. आज तो उपचार घातक मानला जातो, आणि अवयव स्थिर ठेवून रोग्यास विलंब न लावतां प्रतिविष मिळेल अशा रुग्णालयांत न्यावें, असें सांगितलें जातें. हगवणींत मुलाचें अन्नपाणी तोडण्याची चाल होती. १९७१ मध्यें बांगलादेशच्या निर्वासितांच्या छावणींत डॉ. दिलीप महालनबीस ह्यांनीं मीठ-साखरेच्या पाण्यानें असंख्य जीव वांचविले, तेव्हांपासून ती चाल चुकीची ठरली. म्हणून नुसती देणगी म्हणून आलेलीं जुनीं पुस्तकें मांडून ठेवणें हें पुण्यकर्म नव्हे. त्यांतून निवड करणारा, जुनें काढून नवें आणणारा जाणता मनुष्य पाहिजे. अमेरिकेंतील कॅन्सस सिटी येथें १९७१ मध्यें गर्ट्रूड लँब ह्या बाईंनीं ग्रंथपालांनाच डॉक्टरांबरोबर रुग्णांच्या खाटांपर्यंत नेण्याची प्रथा पाडली. जेथें प्रश्न उद्भवतो तेथेंच ग्रंथपालानें उभें असावें, हा तिचा हेतु होता. आपले ग्रंथालयशास्त्रज्ञ डॉ. रंगनाथन ह्यांनीं १९३१ मध्यें सांगितलेल्या पंचसूत्रींतहि प्रत्येक वाचकास त्याचा ग्रंथ मिळावा, हें एक सूत्र आहेच.

जळगांव-धुळ्याचे धर्मग्राम १९८७ मध्यें स्थापन झालेल्या नाशिक धर्मप्रांतांत येतात. आपल्या घराघरांतून परिचारिका झालेल्या मुली आहेत. कोणी सरकारी नोकरींत, कोणी धर्मभगिनींच्या दवाखान्यांत, कोणी परमुलुखांत. त्यांच्यासाठीं आणि त्यांच्या शेजारच्या आशा व अंगणवाडीच्या भगिनींसाठीं, त्या कोणत्याहि धर्माच्या असोत, धर्मग्रामाच्या सभागृहांत एक कपाट असावें, एवढीच सूचना ह्या लेखाच्या शेवटीं करावयाची आहे. त्या कपाटांत पुस्तकें थोडीं असावींत, पण मराठींत असावींत. प्रत्येकावर तें कोणत्या सालचें आहे हें ठळकपणें लिहिलेलें असावें. आणि आपल्यांतीलच एखाद्या निवृत्त परिचारिकेनें किंवा डॉक्टरानें दरवर्षीं तें तपासून कालबाह्य तें काढून टाकावें. अडलेल्या प्रश्नाचें उत्तर जळगांव वा धुळ्याच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयांतून मिळवून देणारा, मोबाइलवर शोध करतां येणारा एखादा तरुण त्यांच्या जोडीस द्यावा. ह्यास मोठा निधि लागणार नाहीं. नियमितपणा मात्र लागेल.

शोमरोन्यानें आपल्या झोळींतील तेल व द्राक्षारस काढिला, तो त्याच्या जवळ होता म्हणून. आपल्या सेविकांच्या झोळींत काय असावें, ह्याची काळजी त्यांना पाठविणाऱ्यांनीं वाहिली पाहिजे. ह्या महोत्सवी वर्षीं तसें करण्याची सद्‌बुद्धि प्रभु येशू ख्रिस्त, जो रोग्यांस स्पर्श करून बरें करीत असे, आपणां सर्वांस देवो.